४.३ स्टार, चाळीस हजार रेटिंग आणि मामांचा टीव्ही

प्रकरण टीव्हीचं आहे, पण फ्रिज, वॉशिंग मशीन, मोबाइल काहीही घेताना थोड्याफार फरकानं हेच होतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांना फक्त "कुठला घेऊ ते सांग" एवढंच पाहिजे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, कारण मॉडेलचं नाव मी शेवटपर्यंत सांगणार नाहीये. सांगून उपयोगही नाही, तुम्ही दुकानात जाईपर्यंत ते मॉडेल बदललेलं असणार.

घर कोल्हापुरात आर. के. नगरला, बैठं. राहणारे दोघं, माझे मामा, एका सहकारी बँकेतनं रिटायर झालेले, आणि मामी. मुलगा म्हणजे आमचा दादा पुण्यात, ताई कसबा बावड्यात, तिची पोरं रविवारी आजोळी. हॉलला पश्चिमेला मोठी खिडकी, दुपारी तीननंतर ऊन थेट आत. सोफा टीव्हीसमोर नाही, बाजूच्या भिंतीला आहे, आणि मामा बसतात ते कोपऱ्यातल्या दिवाणावर, म्हणजे टीव्हीकडं चांगलंच तिरकं बघत. बघतात काय तर बातम्या, मामींच्या मालिका, सकाळी कीर्तन, सगळं केबलवर. पोरं आली की यूट्यूब. हे सगळं एवढं का सांगतोय तर पुढं जो काय गोंधळ झाला तो शेवटी ह्याच माहितीवर सुटला.

जुना ३२ इंची टीव्ही २०१४ चा, गेल्या सप्टेंबरात त्यानं मान टाकली. आवाज येतोय, चित्र नाही. लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, त्यानं पडदे ओढले, लाइट घालवली आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनला जवळजवळ चिकटवून तिरकी धरली, तर आत बातम्या देणारी बाई अंधुक दिसत होती! म्हणजे पॅनल धडधाकट, मागची बॅकलाइटची एलईडी पट्टी तेवढी गेलेली. अडीच हजारात पट्टी घालून देतो म्हणाला, पण अकरा वर्षं झालेला टीव्ही, उद्या दुसरं काय जाईल त्याची गॅरंटी नाही. मामा म्हणाले राहू दे, दसरा आलाच आहे, नवीनच घेऊ. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आलेला, ऑनलाइन सेल सुरू, पेपरात पानपानभर जाहिराती. ४३ इंच, तीस हजारापर्यंत, एवढं ठरलं.

आणि मग सल्ले सुरू झाले.

दादानं त्याच रात्री लिंक टाकली. फक्त ऑनलाइन मिळणारा ब्रँड, २२ हजार, ४.३ स्टार, चाळीस हजारांवर रेटिंग, खाली लिहिलं "डोळे झाकून घ्या, चाळीस हजार लोक येडे नाहीत". राजारामपुरीतला दुकानदार मामांच्या बँकेतल्या ओळखीचा, तो म्हणाला ऑनलाइनच्या नादाला लागू नका साहेब, आणि दुसराच एक ब्रँड पुढं केला, २६ हजार, "कितीतरी विकलेत, एक कंप्लेंट नाही". ताईच्या पोरीनं चॅटबॉटला विचारलं, त्यानं एका मोठ्या कंपनीचं स्वस्तातलं मॉडेल सुचवलं, २९ हजारांचं, आणि फीचर्सची झकास यादी दिली, ती कंपनीच्या साइटवर ताडून बघितली तर त्यात वेगळ्याच वर्षाच्या मॉडेलची फीचर्स बिनदिक्कत मिसळलेली. सोयीसाठी दादाचा तो अ, मोठ्या कंपनीचा तो ब, दुकानदाराचा तो क. मामांनी चष्मा कपाळावर नेला आणि मला म्हणाले, "तूच बघ बाबा आता, दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस की."

चाळीस हजार म्हणजे नक्की कोण

आधी अ घेतला. पेजवर ३२, ४३, ५०, ५५ असे चार साइज आणि रेटिंग सगळ्यांचं मिळून एकच. शॉपिंग साइटवर हे नेहमीचं आहे, एका लिस्टिंगखाली सगळे व्हेरिएंट घालायचे आणि रिव्ह्यू एकत्र करायचे. टीशर्टला चालतं ते, लाल काय आणि निळा काय. इथं ३२ इंची होता एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ पिक्सेल (चित्राचे ठिपके), आणि ४३ इंची होता ४के, ३८४० बाय २१६०, म्हणजे पॅनलच वेगळं, नाव तेवढं सारखं. प्रत्येक रिव्ह्यूखाली बारीक राखाडी अक्षरात साइज लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही. मी वाचत गेलो तर वर आलेल्या रिव्ह्यूंतले बरेचसे ३२ इंचवाल्यांचे निघाले, एकानं तर लिहिलेलं "बेडरूमसाठी छोटासा आणि मस्त". फिल्टर लावून ४३ इंचच ठेवले तर लेखी रिव्ह्यू एकदम आटले. चाळीस हजारांतले बहुतेक लोक तर नुसते स्टार दाबून गेलेले, एक शब्द न लिहिता.

जे उरले त्यात ओळीनं "पिक्चर ऑसम, साउंड ऑसम, व्हॅल्यू फॉर मनी". दादाला स्क्रीनशॉट पाठवले तर गडी लगेच दुसऱ्या टोकाला, "मग सगळे फेकच असणार". तसंही नाही. एकाच आठवड्यात ढीगभर रिव्ह्यू दिसले की लोक लगेच पेड म्हणतात, पण सेलमध्ये टीव्ही थोकानं जातात, चार-सहा दिवसांत पोचतात, वर साइट "रिव्ह्यू द्या, रिव्ह्यू द्या" करून पिडते, मग ते त्याच आठवड्यात येणार नाहीत तर काय. आणि आपल्याकडं खरोखर खूश असलेला माणूससुद्धा चारच शब्द लिहितो, निबंध कोण लिहीत बसणार. त्यामुळं लांबी आणि तारीख ह्या दोन गोष्टींवर कुणाला खोटं ठरवायच्या मी विरोधात आहे.

खोटे असतात, त्यात वाद नाही. मामांच्या शेजारच्या पोरानं मागवलेल्या इअरबड्सच्या डब्यात कार्डच निघालं, पाच स्टार टाका, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, दीडशे रुपये घ्या. आता बघा, ह्यात रिव्ह्यू टाकणारा माणूस खरा, बिल खरं, "व्हेरिफाइड" टॅगसुद्धा खरा, मत तेवढं दीडशेला घेतलेलं. टॅग फक्त माल त्या साइटवरनं घेतल्याचं सांगतो, पुढचं काही नाही. उलट्या बाजूनं राजारामपुरीत रोख पैसे मोजून घेतलेल्या माणसाला तो टॅग मिळतच नाही, म्हणजे दुकानातनं टीव्ही घेणारं निम्मं गाव त्या रेटिंगमध्ये नसतंच. दादा म्हणाला खोटे ओळखणारी टूल्स असतात की. होतं एक नावाजलेलं, फेकस्पॉट, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०२३ मध्ये घेतलं आणि १ जुलै २०२५ ला बंद करून टाकलं. आता साइटवर रिव्ह्यूंच्या डोक्यावर एआयनं काढलेला सारांश येतो तो खालच्याच रिव्ह्यूंतनं काढलेला असतो, ३२ इंचवाल्यांसकट.

पण मला विचाराल तर खोट्या रिव्ह्यूपेक्षा मोठी अडचण दुसरीच होती. जवळजवळ सगळे खरे रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले होते. डिलिव्हरी वेळेत आली, भिंतीवर लावणारा पोरगा नीट बोलला, जुन्यापेक्षा नवीन मोठा दिसला, पाच स्टार. बॉक्स फाटका आला, इन्स्टॉलेशनवाला चार दिवस आला नाही, स्क्रीन तडकून आली, एक स्टार. ह्यात टीव्ही कसा आहे हे कुठं आलं? मामांचा आधीचा टीव्ही अकरा वर्षं चालला, त्यांना प्रश्न पडलाय तो तिसऱ्या वर्षाचा. स्मार्ट टीव्हीत जे जातं ते वर्ष-दोन वर्षांनी जातं, सॉफ्टवेअर जड होऊन रिमोट दाबल्यावर हलत नाही, बॅकलाइट जाते, पॅनलवर उभी रेघ येते. पहिल्या आठवड्यात ह्यातलं काही दिसणारच नाही, मग लिहिणारा कितीही प्रामाणिक असू दे.

म्हणून मी पाच आणि एक दोन्ही सोडून दिले, मधले दोन-तीन-चार स्टारवाले वाचायला घेतले, त्यातही जुने. इथं एक पेच आहे. टीव्हीचं मॉडेल वर्ष-दीड वर्षात बदलतं, म्हणजे वर्षभर वापरून लिहिलेले रिव्ह्यू जमेपर्यंत मॉडेलच बाजारातनं गेलेलं असतं. ह्यावर उपाय एवढाच सापडला की त्याच कंपनीच्या त्याच सिरीजचं आदल्या वर्षीचं मॉडेल शोधायचं. "सध्या उपलब्ध नाही" लिहिलेलं पेज बहुतेक वेळा तसंच पडून असतं आणि त्याच्या खाली खरा खजिना असतो, कारण आता तिथं कुणाला काही विकायचं नसतं. पॅनल बदललेलं असू शकतं हे मान्य, पण कंपनीची सॉफ्टवेअर सांभाळायची सवय आणि सर्व्हिसची तऱ्हा एका वर्षात बदलत नाही.

अ च्या जुन्या पेजवर एकच रड परत परत, वर्षभर छान, मग हँग, होम स्क्रीन यायलाच अर्धा मिनिट. सर्व्हिसच्या तक्रारी होत्या त्या बहुतेक तालुक्याच्या गावांतल्या, मोठ्या शहरातले लोक मात्र समाधानी. ब वर तक्रारी तीन, आवाज पातळ आहे, काळा रंग करडा दिसतो, रिमोट भिकार. उभी रेघ दोन्हीकडं होती, ती प्रत्येक ब्रँडखाली सापडते, तिच्यावरनं निवड करता येत नाही. सगळ्यात मोलाचे ते, ज्यांनी आधी पाच स्टार दिलेले आणि नंतर खाली "अपडेट: १४ महिन्यांनी" असं लिहिलेलं. असे फार थोडे असतात, पण एकेक वाचण्यासारखा. क चं काय, तर त्याचे रिव्ह्यू नेटवर जवळपास नव्हतेच, चांगले नाहीत वाईटही नाहीत. ज्याच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही त्याला दुकानदार एवढा का रेटतोय हा प्रश्न मी मनात ठेवला.

यूट्यूबचं थोडक्यात. "रिव्ह्यू" नाव दिलेले बहुतेक व्हिडिओ अनबॉक्सिंग होते, बॉक्सवरचंच वाचून दाखवायचं, मग ४के मधला मोर आणि समुद्र लावायचा आणि खाली खरेदीची लिंक. अहो, तो मोर कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतो. मी बघत होतो तो कुठलाही व्हिडिओ असो, टीव्ही कुठनं आला (विकत की कंपनीनं दिलेला), किती दिवस वापरला आणि कशासाठी घेऊ नका, ह्या तिन्हींचं उत्तर देतोय का. बहुतेक जण तिसऱ्याला अडखळतात. सरकारचे नियम आहेत ह्यावर, २०२२ च्या जूनमधली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आणि जानेवारी २०२३ मधल्या सूचना, त्यानुसार पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ठळक सांगायला पाहिजे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि परत केलं तर ५० लाखांपर्यंत दंड आहे. विक्रेत्यानं ग्राहक बनून स्वतःच रिव्ह्यू टाकायचा नाही हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. भारतीय मानक ब्यूरोनं तर नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ नावाचं मानकच काढलं, रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे छापायचे सगळं त्यात आहे, पण ते आलं ऐच्छिक म्हणून. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर. हे सगळं चांगलंच आहे, पण मामांना टीव्ही दसऱ्याला पाहिजे होता.

एका व्हिडिओनं मात्र काम केलं. कुठलातरी साधा माणूस, कॅमेरा हलतोय, पण त्यानं सेटटॉप बॉक्स जोडून बातम्यांचं चॅनल दाखवलं आणि मग बाजूला जाऊन तिरकं दाखवलं. त्याच्या खालच्या कमेंट तर व्हिडिओपेक्षा भारी, कुणीतरी आठ महिन्यांनी येऊन विचारलंय "भाई अभी कैसा चल रहा है" आणि खाली घेतलेल्या लोकांनी उत्तरं दिलीत. विकणाऱ्याचं लक्ष नसलेल्या जागी लोक खरं बोलतात.

परदेशी साइटपैकी आरटिंग्ज बघितली. कॅनडातली आहे, टीव्ही स्वतः विकत घेऊन मशीनवर मोजतात, त्यामुळं विश्वास ठेवायला जागा आहे. पण ते मोजतात तिकडची मॉडेल्स, आपल्याकडं तेच नाव असलं तरी आत वेगळं असू शकतं, म्हणून तिथनं मी मॉडेल शोधलंच नाही, फक्त व्हीए आणि आयपीएस पॅनलमधला फरक नीट समजून घेतला. व्हीए मध्ये काळा रंग गडद, अंधारात सिनेमा बघायला झकास, पण बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस मध्ये काळा करडट, पण तिरकं बसलं तरी चित्र टिकतं. आता वरचा दिवाण आठवा. ब ला नावं ठेवणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार, काळा करडा दिसतो, ती शंभर टक्के खरी होती आणि मामांच्या घरात तिला काडीची किंमत नव्हती, कारण मामा अंधार करून सिनेमा बघत नाहीत, उन्हाच्या उजेडात कोपऱ्यात बसून बातम्या बघतात. ब होता आयपीएस, अ होता व्हीए. म्हणजे दादाचे चाळीस हजार लोक खरं बोलत असले तरी ते मामांच्या दिवाणावर बसून बोलत नव्हते.

राजारामपुरीत

दुकानात भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तोच तो मोर. दुकानात डेमो मोड लावलेला असतो, ब्राइटनेस आणि रंग पार टोकाला नेलेले, घरी कुणी तसा बघत नाही. मी म्हटलं केबल जोडून बातम्या लावा आणि पिक्चर मोड स्टँडर्डवर घ्या. सेल्समन म्हणाला, "केबलवर काय बघायचं ओ त्यात, ४के टीव्ही आहे." मामा शांतपणे म्हणाले, "आम्ही तेच बघतो."

लावलं. आणि खरं सांगतो, सगळेच टीव्ही उघडे पडले. साध्या एसडी चॅनलला वरपासून खालपर्यंत जेमतेम ५७६ ओळी, त्या ताणून २१६० ओळींवर बसवायच्या म्हटल्यावर बातम्यांची पट्टी पिठाळ दिसणारच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रिव्ह्यूत "पिक्चर ब्लर, पैसे वाया" लिहिणाऱ्या निम्म्यांचं दुखणं टीव्हीचं नसून बॉक्सचं असणार, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीनं जुना बॉक्स जोडलेला आणि शिव्या टीव्हीला. मग आम्ही बाजूला सरकलो, घरच्या दिवाणाएवढं तिरकं. अ तिथं नव्हता, पण दुसऱ्या कंपनीचा व्हीए पॅनलचा होता, त्यातल्या अँकरचा चेहरा बाजूनं धुतल्यासारखा पांढुरका झाला, ब चा टिकला. हे मामींनी आधी पकडलं, माझ्या आधी.

अशा दुकानात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, टीशर्टवाले जे पोरं असतात ते बऱ्याचदा दुकानाचे नसतात, कंपनीचे प्रमोटर असतात, त्यांना त्यांच्या ब्रँडवर इन्सेंटिव्ह. त्यांचंही मत म्हणजे एक रिव्ह्यूच, पैसे घेतलेला. पण त्याचा उलटा उपयोग होतो. एकाच्या प्रमोटरला दुसऱ्या ब्रँडची खोड विचारायची. पोरगं एकदम मोकळं बोलायला लागतं! ब च्या शेजारच्या प्रमोटरनं सांगितलं की त्यांचा आवाज पातळ आहे आणि रिमोट बघा जरा, म्हणजे जुन्या पेजवरच्या तक्रारी जुळल्या. आणि ब वाल्यानं क बद्दल सांगितलं की त्यावर दुकानाला मार्जिन चांगलं आहे, तो स्वतःच्या फायद्यासाठी बोलत होता हे धरूनसुद्धा मला माझ्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुकानदारानं क च्या कोपऱ्यातलं लेबल दाखवलं, "पाच स्टार आहे बघा साहेब". ते बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे स्टार, वीज किती खातो त्याचे, टीव्ही चांगला की वाईट ह्याच्याशी त्यांचा संबंध नाही. मामांनी बँकेत कागद वाचण्यात आयुष्य घालवलंय, त्यांनी लेबल जवळ जाऊन वाचलं, वर्षाला किती युनिट ते बघितलं आणि मान डोलवून पुढं गेले.

ह्या सगळ्यात माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो लक्ष्मीपुरीच्या मेकॅनिकवर. त्याला काही विकायचं नाही, आणि त्याच्याकडं येतात ते पहिल्या आठवड्यातले टीव्ही नसतात. त्याला मी "कुठला चांगला" असं विचारलं नाही, विचारलं की तुमच्याकडं कुठले येतात आणि कुणाचे पार्ट मिळत नाहीत. म्हणाला, "सगळेच येतात ओ. जास्त विकला जातो तो जास्त येणारच. पण ऑनलाइनवाल्याचा बोर्ड गेला तर मला मिळत न्हाई, महिना महिना पडून असतोय. मोठ्या कंपनीचा मागवला की येतोय." (जास्त विकला तर जास्त येणार, हे आकड्यांचं शहाणपण मी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांत क्वचित बघितलंय.) पुढं म्हणाला की पॅनल गेलं तर कुठल्याही कंपनीचा असू दे, खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, त्यामुळं पॅनलची वॉरंटी किती आणि ती कंपनीची की दुकानाची ते कागदावर बघा, ब्राइटनेस शंभरवर ठेवू नका, बॅकलाइट लवकर मरते. आणि वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, केबलची वायर पण काढा, त्या दिवसांत त्याच्याकडं एचडीएमआय पोर्ट उडालेले टीव्ही ओळीनं येतात. शेवटी, "टीव्ही कुठला पण घ्या, आधी केबलवाल्याकडनं एचडी बॉक्स घ्या."

सर्व्हिसची खात्री फोनवरनंच केली. दोन्ही कंपन्यांच्या कस्टमर केअरला गिऱ्हाईक म्हणून नाही तर टीव्ही असलेला माणूस म्हणून फोन लावला, पिनकोड सांगितला आणि विचारलं माणूस कुठनं येणार. ब चा कोल्हापुरातनंच. अ चा सांगलीहून, "कॉल जमा झाले की". तालुक्याच्या गावातले लोक जुन्या पेजवर ज्याबद्दल रडत होते ते हेच.

मामांच्या कॉलनीच्या ग्रुपवरही टाकलं. पहिल्यांदा मामांनीच विचारलं, "ब कंपनीचा टीव्ही कसा आहे?" धडाधड "एक नंबर", "बिनधास्त घ्या", "नाद खुळा". साहजिक आहे, आपला तो बाब्या, तीस हजार घालून आणलेल्याला चारचौघांत कोण नावं ठेवेल. मग मी त्यांना प्रश्न बदलून टाकायला लावला, किती वर्षं झाली आणि सर्व्हिसला कितीदा फोन केला. "एक नंबर" वाल्यांतले दोघं गप्प झाले, एका वहिनींनी मामींना वेगळा फोन करून सांगितलं की दुसऱ्या वर्षी बोर्ड गेला होता पण वॉरंटी वाढवून घेतलेली म्हणून फुकट झाला, तीन दिवसांत. ग्रुपवर नाही लिहिलं त्यांनी, फोनवर सांगितलं.

ब घेतला, राजारामपुरीतनंच, ऑनलाइनपेक्षा बाराशे जास्त देऊन. माझं मत होतं ऑनलाइन घ्यावा, मामा म्हणाले बिघडला तर मी चालत जाऊन दुकानात बसू शकतो, साइटवर कुठं जाऊन बसू. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. गोडाऊनमधनं आलेल्या बॉक्सवरचा मॉडेल नंबर डेमोशी जुळवला तर शेवटची दोन अक्षरं वेगळी. "तेच आहे ओ ते." कंपनीच्या साइटवर टाकून बघितलं, बाकी सगळं सारखं पण रॅम दोन जीबीऐवजी दीड. म्हणजे वर्षानं हँग होऊ नये म्हणून आम्ही एवढी चौकशी केली आणि त्यासाठी लागणारी मेमरीच नेमकी कमी. बॉक्स परत गेला, दुसऱ्या दिवशी बरोबरचा आला, बिलावर पूर्ण नंबर आणि सिरीयल नंबर लिहून घेतला.

आता पाच महिने झाले. तिरकं नीट दिसतं, एचडी बॉक्स आल्यावर बातम्यांची पट्टी वाचता येते. आवाज पातळ आहे, सांगितलेलाच होता. वळीव अजून यायचाय, वायर काढायची चिठ्ठी मामांनी स्विचबोर्डवर चिकटवून ठेवलीय. दादानं मात्र तो अ स्वतःच्या पुण्याच्या फ्लॅटला घेतला आणि तो खूश आहे, रात्री लाइट घालवून समोर बसून ओटीटी बघतो, सर्व्हिसवाला पुण्यात आहे, त्याच्यासाठी तो बरोबरच होता. हँग होतो का ते पुढच्या दिवाळीला विचारेन.

एवढं वाचूनही एक गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत नीट सापडली नव्हती. "रिमोट भिकार" सगळ्यांनी लिहिलेलं, का भिकार ते कुणी नाही. त्यावर आकडेच नाहीत. मामींना चॅनलचे नंबर पाठ, त्यामुळं बॉक्सचा रिमोट वेगळा, टीव्हीचा वेगळा, आणि पोरं येऊन गेली की दोन्हीतला एक सोफ्याखाली.

मामांनी परवा त्या साध्या माणसाच्या व्हिडिओखाली कमेंट टाकली, मराठीत, बँकेच्या पत्रासारखी. किती महिने झाले, कुठनं घेतला, खिडकी कुठल्या बाजूला, कोण काय बघतं, आवाज कसा, रिमोटला आकडे नाहीत, सगळं. खाली गडहिंग्लजच्या कुणीतरी विचारलं, "काका, साध्या बॉक्सवर कसा दिसतोय?" मामांनी लिहिलं, "धूसर. आधी बॉक्स बदला."